सांडपाणी संयंत्राची निर्यात : ‘ग्रीन’ मालाला ड्युटीत सूट मिळते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मरोळ एमआयडीसीत घरचा कारखाना, चालवणारी दुसरी पिढी. हॉटेलं आणि हाउसिंग सोसायट्यांसाठी ५ ते २०० केएलडीचे (दिवसाला हजार लिटर म्हणजे एक केएलडी) तयार एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया संयंत्रं बनवतात. मेम्ब्रेन (पाणी गाळणारे पडदे) कोरियाहून येतात, बाकी सगळं इथलंच. आता मोंबासाच्या एका हॉटेलची आणि हॅम्बुर्गजवळच्या एका डीलरची चौकशी आली आहे. हॅम्बुर्गवाल्याला संयंत्राबरोबर स्टीलचे स्टँड, टाक्या आणि नट-बोल्टही सुटे हवे आहेत. विचारलंय की, पर्यावरणपूरक वस्तूंवर आंतरराष्ट्रीय करारानुसार ड्युटी लागत नाही असं ऐकलं, ते खरं का? असेल तर आयात-निर्यातीत तो फायदा कसा घ्यायचा? आणि युरोपचा कार्बन कर आपल्या मानगुटीवर बसणार का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. भारताला लागू असलेला असा एकही जागतिक करार नाही. बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमध्ये काय किंवा न्हावा शेवाला काय, कस्टम्सचा अधिकारी तीनच गोष्टी बघतो : एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), मूळ देश आणि किंमत. ब्रोशरवर छापलेलं हिरवं पान तो बघत नाही आणि त्यानं बघूही नये. मात्र आपल्याच निर्यात धोरणात ‘ग्रीन’ या शब्दाला रोख किंमत असलेली एक जागा आहे आणि ती फार थोड्या लघुउद्योजकांना माहीत असते. तिच्याकडे येतोच.

तुम्ही जे ऐकलंत ते अगदी हवेतलं नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) २००१च्या दोहा जाहीरनाम्यात पर्यावरणविषयक वस्तू आणि सेवांवरचे अडथळे कमी करण्याचं कलम होतं. २०१२मध्ये व्लादिव्होस्तोकला ‘एपेक’ या आशिया-पॅसिफिक गटाच्या देशांनी ५४ वस्तूंची यादी केली आणि २०१५अखेर त्यांवरची ड्युटी ५ टक्के किंवा त्याखाली आणायचं ठरवलं. पाणी शुद्ध करणारी यंत्रं त्या यादीत आहेत. पण भारत ‘एपेक’चा सदस्य नाही. मग जुलै २०१४मध्ये जिनिव्हात ‘एन्व्हायर्नमेंटल गुड्स ॲग्रीमेंट’च्या वाटाघाटी सुरू झाल्या. युरोपीय संघ धरून १८ पक्ष बसले, तीनशेच्या आसपास वस्तूंची यादी तयार झाली आणि डिसेंबर २०१६मध्ये सगळं फिसकटलं. अडलेल्या मुद्द्यांत एक मुद्दा सायकलचा होता. चीनला सायकल यादीत हवी होती आणि युरोप चिनी सायकलींवर अँटी-डम्पिंग ड्युटी (पडत्या भावाने आलेल्या मालावरची जादा ड्युटी) लावून बसला होता. सायकल पर्यावरणपूरक नाही असं कोण म्हणेल? पण व्यापारात प्रश्न कारखाने कोणाचे आणि नोकऱ्या कोणाच्या हा असतो.

त्यानंतर नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, आइसलंड आणि कोस्टा रिका या चौघांनी आपसात एक करार केला. त्यात तीनशेहून जास्त पर्यावरणविषयक वस्तूंवरची ड्युटी शून्य करण्याचं ठरलं आणि ही सवलत सगळ्याच डब्ल्यूटीओ सदस्यांना मिळणार, म्हणजे आपल्यालाही. कागदावर छान. प्रत्यक्षात स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरची ड्युटी १ जानेवारी २०२४पासून अशीही रद्दच केलेली आहे. तुमच्या धंद्यात त्याने काडीचा फरक पडत नाही.

भारत या वाटाघाटींपासून दूर का राहिला, यावर आपल्याकडे उगाच नाकं मुरडली जातात. यादीतला पंप एसटीपीला लागतो तसाच रिफायनरीलाही लागतो, व्हॉल्व्ह आणि पाइपचंही तेच. सहा आकडी एचएस कोडमध्ये ‘फक्त सांडपाण्यासाठी’ असा भेद करता येत नाही. म्हणजे ‘ग्रीन’च्या नावाखाली साध्या यंत्रसामग्रीवरची ड्युटी काढायची आणि फायदा श्रीमंत देशांतल्या यंत्रनिर्मात्यांनी घ्यायचा. भारताने २००५मध्ये डब्ल्यूटीओत वेगळा मार्ग सुचवला होता : वस्तूंची यादी करू नका, पर्यावरण प्रकल्प मंजूर करा आणि त्या प्रकल्पासाठी येणाऱ्या मालाला, तिथल्या सेवेला सूट द्या. तो मार्ग राबवायला किचकट होता, पण मुद्दा खरा होता आणि मला आजही पटतो.

सोलरचं उदाहरण बघा, कारण तुमच्या पत्रात ‘सोलरवर चालणारा एसटीपी’ असाही उल्लेख आहे. राष्ट्रीय सौर मिशनमध्ये देशी सेल-मॉड्यूल वापरण्याची अट होती, त्यावर अमेरिका डब्ल्यूटीओत गेली आणि सप्टेंबर २०१६मध्ये भारत हरला. भारताने उलट अमेरिकी राज्यांच्या तशाच अटींवर दावा लावला, २०१९मध्ये पॅनेलने भारताच्या बाजूने कौल दिला, अमेरिकेने अपील केलं आणि डिसेंबर २०१९पासून अपील ऐकणारं मंडळच बंद पडलेलं आहे. मग आपण सरळ ड्युटीचा रस्ता धरला : १ एप्रिल २०२२पासून मॉड्यूलवर ४० टक्के, सेलवर २५ टक्के. २०२५च्या अर्थसंकल्पात मॉड्यूलची मूळ ड्युटी २० टक्क्यांवर आली खरी, पण सोबत २० टक्के कृषी पायाभूत सेस आला. बेरीज तीच. तेव्हा आयात केलेलं पॅनेल धरून सोलर एसटीपीचा दर काढू नका. देशी मॉड्यूल धरून काढा, नाहीतर सोलरचा भाग मोंबासाच्या ग्राहकाला तिथेच घ्यायला सांगा.

आता तुमच्या कामाचं. सुरुवातीला म्हटलेली ती ‘ग्रीन’ जागा म्हणजे ईपीसीजी (एक्स्पोर्ट प्रमोशन कॅपिटल गुड्स) योजना. कारखान्यासाठी मशीन आयात करताना ड्युटी वाचते आणि बदल्यात वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची असते. परकीय व्यापार धोरणाच्या नियमपुस्तिकेत, म्हणजे हँडबुक ऑफ प्रोसीजर्समध्ये ‘ग्रीन टेक्नॉलॉजी प्रॉडक्ट्स’ची यादी आहे आणि त्या वस्तू निर्यात करणाऱ्याला या बंधनाच्या ७५ टक्केच पुरं करावं लागतं, म्हणजे सहापटीऐवजी साडेचारपट. वॉटर ट्रीटमेंट प्लँट त्या यादीत आधीपासून आहे. १ एप्रिल २०२३च्या धोरणात सांडपाणी प्रक्रिया व पुनर्वापर, पावसाचं पाणी साठवण्याची यंत्रणा, इलेक्ट्रिक वाहनं, ग्रीन हायड्रोजन यांची भर पडली. तुम्हाला लेझर कटिंगचं किंवा वेल्डिंगचं नवं मशीन बाहेरून आणायचं असेल, तर आधी चर्चगेटच्या डीजीएफटी (परकीय व्यापार महासंचालनालय) कार्यालयाचा विषय हाती घ्या, मशीनची ऑर्डर नंतर. मात्र निर्यात झालीच नाही तर ड्युटी व्याजासकट भरावी लागते. दोन चौकश्यांच्या भरवशावर ईपीसीजी घेऊ नका, दोन ऑर्डरींच्या भरवशावर घ्या.

कोरियन मेम्ब्रेनसाठी दोन वाटा आहेत. एक, भारत-कोरिया करार, जो २०१०पासून लागू आहे. त्यात तुमच्या आठ आकडी कोडला सवलत असेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र घ्या, पण तेवढ्यावर भागत नाही. सप्टेंबर २०२०पासून ‘कॅरोटार’ नियम आहेत. माल कोरियात खरोखर कसा बनला, कच्चा माल कुठला, मूल्यवर्धन किती, ही माहिती आयातदाराने म्हणजे तुम्ही ठेवायची आणि विचारल्यावर द्यायची. ‘सप्लायरने सर्टिफिकेट पाठवलंय, मला काय ठाऊक’ हे उत्तर आता चालत नाही. सप्लायर नुसता ट्रेडर असेल आणि मेम्ब्रेनचं फायबर दुसऱ्याच देशातून येत असेल, तर ते ऑर्डर देण्याआधी काढून घ्या. माल सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) अडकून पडला की कंटेनरचं जादा भाडं, म्हणजे डिटेन्शन, सवलतीपेक्षा जास्त होतं. दुसरी वाट ॲडव्हान्स ऑथोरायझेशनची : निर्यातीच्या संयंत्रात जाणारी मेम्ब्रेन ड्युटी न भरता आणायची, किमान १५ टक्के मूल्यवर्धन दाखवायचं आणि १८ महिन्यांत निर्यात पुरी करायची. मोंबासाची ऑर्डर पक्की झाली तर मी दुसरी वाट धरीन. ती स्वच्छ आहे आणि मेम्ब्रेन कुठल्याही देशाची असली तरी चालते.

एचएस कोडवर थोडा जास्त वेळ घालवू, कारण पैसा इथे वाचतो किंवा बुडतो. पाणी गाळण्या-शुद्ध करण्याची यंत्रं ८४२१ २१ मध्ये बसतात. पण तुमचा एसटीपी म्हणजे एकच पेटी नव्हे. टाकी, ब्लोअर, पंप, कंट्रोल पॅनेल, पाइपिंग, मेम्ब्रेन स्किड असे भाग. टॅरिफच्या सोळाव्या विभागाची टीप ४ सांगते की, वेगवेगळे भाग मिळून एकच ठरलेलं काम करणार असतील तर ते सगळं त्या कामाच्या शीर्षकाखाली जातं. म्हणजे संपूर्ण संयंत्र एकत्र गेलं तर ८४२१. तेच आधी टाक्या, पुढच्या महिन्यात ब्लोअर, मग पॅनेल असं तुकड्या-तुकड्यांनी पाठवलंत, तर टाकी ७३०९, ब्लोअर ८४१४, पंप ८४१३, पॅनेल ८५३७ आणि प्रत्येकाची ड्युटी वेगळी. पूर्व आफ्रिकी समुदायाच्या सामाईक टॅरिफमध्ये ०, १०, २५ आणि ३५ टक्के असे चार टप्पे आहेत. भांडवली यंत्रं साधारणतः खालच्या टप्प्यात, तयार वस्तू वरच्या टप्प्यांत. त्यावर व्हॅट, आयात घोषणा शुल्क आणि रेल्वे विकास लेव्ही. हॉटेलवाल्याला हा फरक लाखांत पडेल आणि मग तो तुमच्याशी भांडेल.

म्हणून सगळे कंटेनर एकाच इन्व्हॉइसवर, एकाच बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीची माल-पावती) पाठवा. पॅकिंग लिस्टमध्ये प्रत्येक भाग ‘अमुक क्षमतेच्या एसटीपीचा भाग’ म्हणून लिहा आणि पी अँड आयडीची (संयंत्रातल्या पाइप-उपकरणांचा आराखडा) प्रत कागदांत जोडा. ग्राहकाला केनियाच्या कस्टम्सकडून आगाऊ निर्णय मागवायला सांगा. आपल्याकडेही ॲडव्हान्स रूलिंगचं प्राधिकरण मुंबईतच बसतं आणि त्याचा निर्णय काही वर्षं टिकतो. दर महिन्याला तीच मेम्ब्रेन येत असेल तर तो घेऊन ठेवणं शहाणपणाचं. केनियासाठी आणखी एक : तिथल्या मानक संस्थेची निर्यातपूर्व तपासणी असते आणि अनुरूपता प्रमाणपत्र (माल मानकाप्रमाणे असल्याचं) माल निघण्याआधी लागतं. तुमच्या मालाला ते कुठल्या स्वरूपात लागेल हे तपासणी एजन्सीकडून लेखी घ्या. इन्स्पेक्शन मरोळला, मोंबासाला नव्हे.

हॅम्बुर्गची गोष्ट पूर्ण वेगळी. युरोपात ८४२१ २१ वरची ड्युटी दोन टक्क्यांच्याही आत आहे. त्यामुळे ‘युरोपशी करार लागू झाला की बघू’ म्हणत थांबण्यात अर्थ नाही, करारातून वाचणार तेवढेच. खरी भिंत प्रमाणपत्रांची. यंत्रावर सीई मार्क (युरोपचे सुरक्षा नियम पाळल्याची खूण) हवा. मशिनरीचं जुनं डायरेक्टिव्ह जाऊन नवं रेग्युलेशन २० जानेवारी २०२७पासून लागू होतंय, तेव्हा तांत्रिक फाइल आत्ताच नव्या नियमाप्रमाणे बांधा. शिवाय ५० माणसांपर्यंतच्या तयार घरगुती संयंत्रांना ईएन १२५६६-३ हे मानक लागतं, त्यात प्रत्यक्ष सांडपाण्यावरची दीर्घ चाचणी असते. माणशी दिवसाला दीडशे लिटर धरलं तर ५० माणसं म्हणजे साडेसात केएलडी. तुमचं ५ केएलडीचं मॉडेल त्यात सापडतं, २० केएलडीचं सापडत नाही. डीलरला कुठलं हवंय ते आधी विचारा. लहान मॉडेलच हवं असेल तर चाचणीचा खर्च कोण करणार, हे दरपत्रकाआधी ठरायला हवं.

आता युरोपचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम : आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा आकार. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ फक्त माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६पासून पैशांचा हिशेब सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज आणि हायड्रोजन एवढी क्षेत्रं. तुमचं संयंत्र ८४२१ म्हणून गेलं तर ते आज सीबॅमच्या बाहेर आहे. पण तेच स्टँड ७३०८, टाकी ७३०९, नट-बोल्ट ७३१८ म्हणून सुटे गेले की आत! डीलरची ‘सुटे पाठवा’ ही मागणी त्याला वाटते तितकी साधी नाही. डिसेंबर २०२५मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद-ॲल्युमिनियम जास्त असलेल्या तयार मालापर्यंत, यंत्रसामग्रीसकट, २०२८पासून ही व्याप्ती वाढवण्याचा प्रस्ताव मांडला आहे, तेव्हा ‘आपण बाहेर आहोत’ म्हणून निवांत बसू नका.

पैसे तुम्ही भरत नाही, युरोपातला आयातदार भरतो. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत असा माल आणणारा आयातदार सुटतो. हे ५० टन त्याच्या सगळ्या पुरवठादारांचे मिळून, फक्त तुमचे नव्हेत. तो मर्यादेच्या वर असेल तर तुमच्याकडे उत्सर्जनाचे आकडे मागेल. आकडे दिले नाहीत तर युरोपने ठरवलेली ठोकळ मूल्यं लागतात आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली असतात. २०२६मध्ये युरोपीय कारखान्यांचा उत्सर्जनाचा फुकट कोटा ९७.५ टक्के शाबूत आहे, तो २०३४पर्यंत संपत जाणार, म्हणून सुरुवातीला बोजा हलका असं सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. कोटा युरोपने ठरवलेल्या बेंचमार्कइतक्याच (मापदंड) उत्सर्जनाला मिळतो, त्याच्या वरचं सगळं पहिल्या दिवसापासून पूर्ण मोजलं जातं आणि भारतीय पोलाद सरासरीने वरच आहे.

बोल्टचं उत्सर्जन तुमच्या मरोळच्या शेडमध्ये फारसं नसतंच, ते ज्या वायर रॉडपासून तो बनला त्या मिलमध्ये असतं. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून मिळेल तो माल उचलला तर मिलचं नावही कळत नाही, मग आकडा कुठून देणार? युरोपच्या ऑर्डरीपुरता माल अशा मिलकडून घ्या जी हीट नंबरनिशी (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) उत्सर्जनाची माहिती लेखी देते. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली आहे, टनामागे २.२ टनांखाली उत्सर्जन आणि त्याखाली तारांकन (स्टार रेटिंग). ते तारांकन म्हणजे सीबॅमचा पुरावा नव्हे, त्याची पद्धत वेगळी आणि प्रत्यक्ष आकडे वापरायचे तर २०२६पासून पडताळणीही लागते. पण कुठल्या मिलकडे मोजमाप आहे हे त्यावरून कळतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती सेवेची. माझ्या पाहण्यात या धंद्यातला टिकाऊ नफा यंत्रात कमी आणि ते चालवण्यात जास्त आहे. मुळात एसटीपीला गिऱ्हाईक ड्युटीमुळे मिळत नाही, कायद्यामुळे मिळतं. मुंबईत २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागू झाली नसती तर तुमचा कारखाना एवढा वाढला असता का? युरोपच्या १ जानेवारी २०२५पासून अमलात आलेल्या नव्या सांडपाणी निर्देशात हजार लोकसंख्येच्या वस्त्यांनाही २०३५पर्यंत प्रक्रिया बंधनकारक होतेय. कायदा आला की संयंत्र बसतं आणि चालवता येत नाही म्हणून दोन वर्षांत बंद पडतं. आपल्या सोसायट्यांच्या तळघरांत हे रोज दिसतं. मोंबासाला यंत्रासोबत तीन वर्षांचं देखभालीचं कंत्राट आणि मरोळहून ऑनलाइन देखरेख विका.

त्यात जीएसटीची एक मेख आहे. मोंबासात जाऊन केलेली उभारणी आणि कमिशनिंग ही सेवेची निर्यात ठरते, कारण काम तिथे झालं. पण तेच ग्राहकाने सांडपाण्याचा नमुना तुमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये चाचणीला पाठवला, तर आयजीएसटी कायद्याच्या कलम १३(३) प्रमाणे सेवा जिथे माल हाताळला तिथे, म्हणजे भारतात झाली असं धरलं जातं आणि डॉलरमध्ये पैसे आले तरी जीएसटी लागतो. चाचणीचं बिल वेगळं फाडण्याआधी सीएशी बोला. एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरलेलं ठेवा. आणि टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (तुम्ही भारतातले करदाते असल्याचा दाखला) आधीच काढा, नाहीतर तिकडे सेवेच्या बिलातून कापला जाणारा कर दुहेरी कर टाळण्याच्या करारातल्या दराऐवजी पूर्ण दराने जाईल.

आफ्रिकेत मोठी कामं मात्र हॉटेलांतून येत नाहीत. ती कफ परेडच्या एक्झिम बँकेच्या लाइन ऑफ क्रेडिटमधून येतात. टांझानियात २८ शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी ५० कोटी डॉलरची अशी पतरेषा दिली गेली. त्यात साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून जावी लागते. तुम्ही थेट निविदा भरू शकणार नाही, पण ज्या मोठ्या ईपीसी (आराखडा, खरेदी, बांधकाम सगळं घेणाऱ्या) कंपन्या भरतात त्यांच्या व्हेंडर यादीत नाव घालणं तुमच्या हातात आहे. माझ्या मते तुमचा खरा ‘ग्रीन’ बाजार तो.

मोंबासाच्या हॉटेलला उधारीवर माल देणार असाल तर ईसीजीसीचं (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) कव्हर घ्या, त्यांचं मुख्यालय अंधेरीतच आहे. भाव सीआयएफ मोंबासा (मालाची किंमत, विमा आणि तिथवरचं भाडं धरून) द्या. डीडीपी (तिथली ड्युटी भरून पोचता माल) मागितला तर नाही म्हणा. तिथली ड्युटी, लेव्ही आणि व्हॅट तुमच्या डोक्यावर येतील आणि व्हॅटची वजावट मिळाली तरी ती हॉटेलला मिळेल, तुम्हाला नाही.